गुदगुल्या करणारा कूलर

बुधवार, १ एप्रिल

नोंदणीच्या फाईलला साहित्याची यादी हवी, बिलांसह. संध्या म्हणाली, दुकानाची बिलं काढून ठेवा. बिलं कुठून काढू? बालवाडीत विकत आणलेलं आहेच काय, गॅसची शेगडी आणि सतरंज्या. म्हणून बिलांच्या जागी यादीच लिहून दिली. मी स्वतः, माझ्या हातानं केलेलं:

पुढचं फाटक, बाहेर उघडणारं, कडी साडेचार फुटांवर. दाराच्या फटीत बोट जाऊ नये म्हणून रबरी पट्ट्या, सात दारांना. घसरगुंडी, लाकडी. (पत्र्याची आपल्याकडच्या उन्हात तव्यासारखी तापते, हे खानदेशातल्या माणसाला सांगावं लागू नये. तरी दुकानदार पत्र्याचीच विकतात.) बेचाळीस खुर्च्या, कोपरे घासून गोल. बुटकं बेसिन, जमिनीपासून अठरा इंच. औषधांची पेटी, कुलपाची. टाकीचं झाकण, डासाची जाळी लावून. सगळं वायरिंग, गळती पकडणाऱ्या स्विचसकट. दोन कूलर, वीस गेजचा पत्रा. पुढच्या जाळीचं भोक सहा मिलिमीटर, पोराची करंगळी जात नाही. अर्थिंगचा खड्डा, नऊ फूट, कोळसा-मीठ भरून. आणि गेल्या महिन्यात अंगणातली पेवर ब्लॉकची फरशी, चिखल कायमचा बंद, सांधे सिमेंटनं भरलेले, उतार मोरीकडे.

'शिक्षण' या रकान्यात 'नववी' लिहून बसलो. संध्या म्हणाली, तो रकाना संचालिकेचा आहे, म्हणजे माझा, तुमचा नाही. तिचा बालवाडीचा कोर्स लिहिला. नववी खोडली नाही, कंसात राहू दिली.

तपासणी याच महिन्यात, दिवस कळवणार. नोंदणी झाली नाही तर जूनपासून दार बंद. पिंप्राळ्यात सोळा वर्षं चाललेली बालवाडी एका कागदावर अडेल असं मला वाटत नाही. कागदातही आपण कमी नाही.


शनिवार, ४ एप्रिल

शनिवारचा फेरा. आगीच्या सिलिंडरचा काटा हिरव्यात. प्रथमोपचार पेटीत पट्टी एकच उरली होती, चार टाकल्या. ओआरएसच्या दोन पुड्यांची तारीख संपत आली होती, बदलल्या. घसरगुंडीचा तिसरा स्क्रू अर्धा आटा सैल. (कोण सैल करतं? रोज तोच.)

लीलाक्का मिठाच्या पाण्याची बादली घेऊन अंगणात उभी. लीलाक्का पहिल्या वर्षापासून आमची मदतनीस, माहेर पाचोऱ्याकडचं, भांडते अजून अहिराणीतच. दर उन्हाळ्यात शनिवारी दोन बादल्या अर्थिंगच्या खड्ड्यात ओतायच्या, हे काम तिचं. काळी माती उन्हानं भेगाळते, खड्डा कोरडा पडला की अर्थिंग मेलं. हे मीच तिला शिकवलेलं.

"नाना, पानी कोठे टाकू? आते तठे फरशी शे."

म्हटलं, खड्डा नऊ फूट खोल आहे अक्का, वरून दोन बादल्या नाही पडल्या तर त्याचं काय बिघडतं. मिठाचे डाग पडतील फरशीवर, तपासणीच्या तोंडावर. बादली परत घेऊन गेली, स्वतःशी काहीतरी बोलत.

फरशी खरंच छान बसलीय. पाणसळ लावून पाहिली, उतार सगळीकडे सारखा, कुठे दोन मिलिमीटरचा फरक नाही.


मंगळवार, ७ एप्रिल

ऊन वाढलं. अकरा ते चार अंगण बंद, पाटी लावली. बालवाडीचं वर्ष संपलं, आता फक्त पाळणाघर: नोकरीवाल्या आयांची सव्वीस पोरं.

दुपारी एक माणूस आला, चिन्मयला न्यायला. यादीत नाव नाही. म्हणे सख्खा मामा आहे. म्हटलं असाल, पण यादी मामा ओळखत नाही, सही ओळखते. तापला. "मी भुसावळहून आलोय, मला बाहेर उभं करता?" बाहेर नाही, बाकावर बसवलं, माठातलं पाणी दिलं, आईला फोन लावला. तिनं होकार दिला, नाव लिहून घेतलं, सही घेतली, आधारचा नंबर टिपला. जाताना म्हणाला, काका, तुम्ही बँकेत असायला हवं होतं. सरळ म्हणाला की टोमणा, कळलं नाही. सरळच धरलं.

संध्या म्हणते, नवरा कमी आणि इन्स्पेक्टर जास्त झालात.


शुक्रवार, १० एप्रिल

पारा ४३. दोन्ही कूलर सकाळी नऊपासून.

पोरांचा नवा खेळ. मोठ्या खोलीतल्या कूलरपुढे रांग. एकेकानं पुढे यायचं, जाळीला तळवा लावायचा, हसत मागे पळायचं, पुन्हा रांगेत. लीलाक्काच दाखवायला घेऊन गेली मला. "दखा नाना. बठ्ठा पोरे लाइन लावतस. त्यामा काहीतरी शे."

निधीला विचारलं. चार वर्षांची, सगळ्यात बोलकी. तिची आई मेघा चौकातल्या औषधांच्या दुकानात काउंटरला असते. निधी म्हणाली, "आजोबा, हा कूलर गुदगुल्या करतो."

मी पूर्ण तळवा लावून पाहिला. काही नाही. गार वारा, झालं. पोरांची कल्पना. लीलाक्काला म्हटलं, रांग शिस्तीत लावतात हे तरी बघ.

संध्याकाळी खिचडी चाखण्याच्या वहीत सही राहिली होती, करून टाकली. (चाखली होती. सहीच राहिली होती.)


सोमवार, १३ एप्रिल

बारा दहा. निधी. बेसिनवर हात धुऊन ओल्या हातांनी, ओल्या पायांनी थेट कूलरकडे. जाळीला हात.

गळतीचा स्विच पडला, सगळ्या घराची वीज गेली. त्या क्षणाला. ती मागे फेकली गेली, सतरंजीवर बसली, एक-दोन श्वास आवाजच नाही, मग मोठ्यानं रडली. तिचं रडणं ऐकून मी मेनकडे धावलो.

१२:१२ मेन स्विच बंद. १२:१४ मेघाला फोन. १२:२० ती दारात, दुकानाचा एप्रन तसाच. रिक्षानं डॉक्टरकडे, मी सोबत. तळव्यावर डाग नाही. ईसीजीची पट्टी काढली, बरोबर. डॉक्टर म्हणाले उद्यापर्यंत लक्ष ठेवा, खाऊ-पिऊ द्या, घाबरू नका. निधीनं तिथे केळं खाल्लं. अर्धं मला दिलं.

मेघा एकदाच बोलली. "काका, तुम्ही तर म्हणाला होतात इथे वीज पोरांना शिवत नाही." म्हणालो होतो. प्रवेशाच्या दिवशी, स्विच दाखवून.

स्विचनं काम केलं, हे खरं. बारा वर्षांपूर्वी मी तो बसवला तेव्हा पिंप्राळ्यात कुणाच्या घरात नव्हता. पण स्विच हा शेवटचा दरवाजा. त्याच्या आधीचा कोणता उघडा राहिला?

इतरांच्या आयांना संध्यानं एकेक करून फोन केले. मी कूलरची वायर कापून टाकली. खोल्यांचे पंखे पुरतील परवापासून. उद्या सुट्टी आहे.


मंगळवार, १४ एप्रिल

शकीलभाईला बोलावलं. परवानाधारक वायरमन, माझ्या कामावर त्याची सही लागते, कारण नववीवाल्याला परवाना मिळत नाही. पण तपासल्याशिवाय सही करत नाही, म्हणून पंचवीस वर्षांची दोस्ती आहे.

कूलर उघडला. पंपाची वायर एका जागी चिरलेली, पाण्यात. तिथून गळती पत्र्यात. इथपर्यंत ठीक, पंप बिघडतात. पण गळती अर्थिंगनं जमिनीत जायला हवी होती, पत्र्यात राहिलीच कशी. शकीलभाईनं अर्थिंगचं यंत्र लावलं. गेल्या पावसाळ्यात तीन ओहमच्या आसपास होतं, जितकं कमी तितकं चांगलं. आज ६४.

दोनदा लावून पाहिलं. ६४, ६६.

तो अंगणात फिरला. "नाना, गड्ढा किधर है तुम्हारा?" मी फरशीवर बोट ठेवलं. त्यानं चपलेच्या टाचेनं ब्लॉकवर ठोकलं, दोनदा.

मग सगळं एकापुढे एक लागत गेलं. फरशी. बंद झालेलं पाणी. पंधरा दिवस ४२-४३ ऊन, खाली काळी माती. सुकलेला कोळसा. थोडी गळती पत्र्यात साठून. स्विच पडण्याइतकी नाही, झिणझिण्या येण्याइतकी. पोरांना गुदगुल्या. आणि मला काहीच का लागलं नाही? माझी टाच दुखते म्हणून आत मी रबरी चप्पल घालतो. पोरं अनवाणी, कारण आत अनवाणीच यायचं हा नियम. नियमही माझाच.

चार तारखेचं पान काढून वाचलं. माझंच अक्षर. 'वरून दोन बादल्या नाही पडल्या तर त्याचं काय बिघडतं.'

दुपारी छिन्नी-हातोडीनं एकवीस ब्लॉक काढले. खाली माती विटेसारखी. नऊ बादल्या पाणी गटागट पिऊन गेली. नवं मीठ, नवा कोळसा, मध्ये चार इंची पाईप, वर लोखंडी झाकण, झाकणावर पांढऱ्या रंगानं 'दर शनिवारी पाणी'. लीलाक्का बादल्या आणून देत होती. एकदाही 'मी सांगितलं होतं' म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी पुन्हा यंत्र. ५.८. शकीलभाई म्हणाला, आठवड्यात तीनवर येईल. येईलच.

राहिली ती अपघात नोंदवही. चोवीस तासांत भरायची, हा माझा नियम. तारीख, वेळ, मूल, काय झालं, काय केलं, कुणाला कळवलं, 'कारण'. कारणाशी अडलो. शकीलभाई चहा पीत म्हणाला, पंप लिख दो. "झूठ भी नहीं है. पंप तो खराब था ही." संध्याला तेच पटलं. तपासणी दहा दिवसांवर, अहो, तांत्रिक बिघाड लिहा, खोटं कुठे आहे त्यात.

खोटं नाही. अर्धं आहे. पंप बिघडला तरी मूल वाचावं यासाठी तर खड्डा असतो.

लिहिलं: 'पंपाच्या वायरची गळती. तसेच अर्थिंगच्या खड्ड्यावर मी स्वतः फरशी टाकून पाणी बंद केले, मदतनीस लीलाबाई यांनी विचारले असता ऐकले नाही. मुलांनी १० तारखेला सांगितले, ते चप्पल घालून तपासले.' खाली सही. संचालिकेची सही संध्याची. ती आधी वाचून पेन खाली ठेवून स्वयंपाकघरात गेली. भांडी घासली, जी अक्कानं आधीच घासली होती. मग आली, सही केली, माझ्याकडे न बघता.


बुधवार, १५ एप्रिल

पोरांना पाचपर्यंत सांभाळून आयांना एकत्र बसवलं. नोंदवही हातात दिली, खड्डा दाखवला, यंत्राचे आकडे दाखवले. एकीनं विचारलं, दुसरा कूलर? तोही तपासला, तो बरोबर, तरी बंद ठेवलाय. दोन्हींच्या पुढच्या जाळ्या काढून सागवानी चौकट आणि पट्ट्या बसवतोय. पत्रा पोरांच्या हाताला लागणारच नाही.

मेघा सासऱ्यांना घेऊन आली होती. आबा रावेरकडचे, केळीवाले. त्यांनी वही लांब धरून सगळं वाचलं, ओठ हलवत. मग म्हणाले, "भाऊ, आमच्या मळ्यात मोटर बसवतो ना, तिथे लेकरू जाऊ देत नाही आम्ही. इथे तर तुम्ही लेकरं बोलावता." खरं बोलले.

मेघा म्हणाली, "तुम्ही हे लिहिलं नसतं तर मी पंपच समजले असते. कदाचित दोन दिवसांनी पाठवलंही असतं."

म्हटलं, हो.

"मग लिहिलंत कशाला?"

म्हटलं, पंप बदलता येतो मेघाताई. मी पुन्हा तसं करू नये याला कुठेतरी लिहिलेलं लागतं.

ती निधीची पिशवी खुंटीवरून काढून घेऊन गेली.


रविवार, १९ एप्रिल

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. लीलाक्का माहेरी पाचोऱ्याला, झोका आणि पुरणपोळी. जाण्याआधी काल खड्ड्यात तीन बादल्या ओतून गेली. सांगितल्या होत्या दोन.

सागवानी चौकटी झाल्या. पट्टीची कड हातानं फिरवून पाहिली, कुठे कुसळ नाही. यंत्र: ३.४.

पोरं सव्वीसची एकवीस. मेघाशिवाय चार आया गेल्या. दोघी सांगून, दोघी न सांगता. उरलेल्यांपैकी चिन्मयची आई म्हणाली, त्या दिवशी तुम्ही माझ्या भावाला बाकावर बसवलंत तेव्हाच मी ठरवलं होतं की मुलगा इथेच ठेवायचा. भाऊ अजून रागात आहे म्हणे.


गुरुवार, २३ एप्रिल

तपासणी. पर्यवेक्षिका मॅडम आणि एक लिपिक. मी दाढी करून, इस्त्रीचा सदरा. संध्या पुढे, मी मागे उभं राहायचं असं ठरलं होतं. राहिलो, पाच मिनिटं.

मॅडम कामाच्या निघाल्या. फाटक स्वतः ढकलून पाहिलं. बेसिनला टेप लावला. पाण्याच्या अहवालाची तारीख, मदतनीसांचा पोलीस दाखला, न्यायला येणाऱ्यांची यादी. दाराच्या रबरी पट्टीत स्वतःचं बोट घालून दार लावून पाहिलं. हे आजपर्यंत कुणीच केलं नव्हतं. मला बरं वाटलं. लिपिकाला म्हणाल्या, 'हे लिहून घ्या, चांगलं आहे.' खिचडी चाखण्याची वही पाहिली, दहा तारखेची सही घाईची दिसते म्हणाल्या. म्हटलं, आहे.

मग अपघात नोंदवही. बराच वेळ त्या एका पानावर.

"हे कोणी लिहिलं?"

मी, म्हटलं.

"बाकी ठिकाणी ही वही कोरी असते. नाहीतर मूल खेळताना पडलं, एवढंच." चष्मा काढून पुसला. "हे पान आहे म्हटल्यावर मला शेरा द्यावा लागेल. वर पाठवावं लागेल. ते काय ठरवतील मी सांगू शकत नाही."

संध्यानं विचारलं, खड्डा दुरुस्त झालाय हे नाही का लिहिणार? लिहीन, म्हणाल्या, दोन्ही लिहीन. खड्ड्याचं झाकण उघडून आत पाहिलं आणि फोटो काढला. चहा घेतला नाही.

जेवण झाल्यावर संध्या ताट उचलताना म्हणाली, तुम्हाला शंभर टक्के मार्क हवे असतात, चुकीतसुद्धा.

यावर दिवसभर सुचलं नसतं असं उत्तर मला आता सुचतंय, पण ते इथेही लिहीत नाही. तिचं म्हणणं आहे, तिला राहू दे. सोळा वर्षं तिची आहेत.


मंगळवार, २८ एप्रिल

धुळे. सकाळच्या बसनं.

ज्याच्याकडून आम्ही नोंदवह्या छापून घेतो तो छापखानावाला बोलला असणार कुठे. धुळ्याच्या एका शेठनं फोन केला होता. त्यांच्या तिथे सात नर्सऱ्या, एकाच नावाच्या, सगळ्यांची तपासणी मेअखेर. मला 'सुरक्षा सल्लागार' म्हणून बघायला बोलावलं. सल्लागार. नववीवाला. खरं सांगायचं तर बसमध्ये दोनदा तो शब्द मनात म्हणून पाहिला.

स्टँडवर गाडी आली होती. पहिल्या शाखेत भिंतीवर हत्ती, जिराफ, सुरेख काढलेले. मागच्या दाराला कुलूप, किल्ली शेठच्या ड्रायव्हरकडे. आगीच्या सिलिंडरचा काटा लाल. फिनेलची बाटली खाऊच्या डब्यांशेजारी. पत्र्याची घसरगुंडी, तोंड पश्चिमेला. मी वहीत टिपत गेलो, सतरा मुद्दे. शेठ सोबत हसतमुख, प्रत्येकाला 'करून टाकू'.

कूलर. लोखंडी. वायरच्या प्लगची तिसरी पिन कापलेली, कारण भिंतीतल्या सॉकेटला दोनच भोकं. तिथल्या बाई, नव्याच लागलेल्या, म्हणाल्या, मुलं जवळ जात नाहीत सर, एकदा एकाला 'चावला' म्हणे.

मी प्लग काढला. बाईंना म्हटलं, हा आज पुन्हा लावायचा नाही. शेठला म्हटलं, तीन पिनचं सॉकेट आणि वायर मागवा, मी आत्ता बसवून देतो. ते म्हणाले, नानासाहेब, तुम्हाला त्यासाठी नाही बोलावलं. तरी मागवलं. दीड तास लागला. खिशात टेस्टर असतोच, अर्थिंग कुठवर जातं ते पाहिलं: पाण्याच्या नळाला बांधलेलं, नळ पुढे प्लास्टिकचा. म्हणजे कुठेच जात नाही. मग लावलेलं सॉकेटही नुसती शोभा. तेच सांगितलं, कूलर बंदच ठेवा.

ऑफिसात लस्सी. शेठ नम्र माणूस, आवाज चढवत नाही. म्हणाले दुरुस्ती दिवाळीत सगळी एकदम काढतो, तुमच्याच हातानं. आधी फाईल. नोंदवह्या तुमच्यासारख्या हव्यात. मागच्या वर्षापासूनच्या.

मागच्या वर्षी इथे वह्या होत्या का?

"म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

विचार करतो म्हटलं आणि उठलो. तेवढंही का म्हटलं, हे बसमध्ये स्वतःला विचारलं. 'सल्लागार' या शब्दामुळे, दुसरं काही नाही.


बुधवार, २९ एप्रिल

सतरा मुद्द्यांचं पत्र लिहिलं शेठना, स्वच्छ अक्षरात, तीन प्रती. कूलर आणि मागचं कुलूप लाल शाईत. बाकी सहा शाखा मी पाहिलेल्या नाहीत, त्याही तपासून घ्या असं. खाली लिहिलं की सात दिवसांत कूलर आणि कुलूप यांचं काम झाल्याचं कळलं नाही तर ही प्रत धुळ्याच्या तपासणी कार्यालयात देईन. रजिस्टर पोस्टानं.

शकीलभाईला वाचून दाखवलं. म्हणाला, नाना, आपकी खुद की फाइल ऊपर अटकी है, और आप दूसरे के घर का फ्यूज देख रहे हो. म्हटलं, फ्यूज नाही, अर्थिंग.

हसला, पण पत्राच्या खाली स्वतःचा परवाना क्रमांक घालून सही केली. न मागता.


शनिवार, २ मे

फेरा: सगळं ठीक. खड्डा ३.१. लीलाक्का परत आली, आखाजीच्या सांजोऱ्या आणल्या. घसरगुंडीचा तिसरा स्क्रू पुन्हा सैल; या वेळी पकडला, चिन्मय, खिशात दहा रुपयांचं नाणं. त्याला पाना धरायला शिकवला आणि घट्ट करायला लावला.

नोंदणीचा निर्णय नाही. कार्यालयात गेलो, वर आहे म्हणाले. वर म्हणजे कुठे, ते त्यांनाही माहीत नाही. पोरं एकवीसच. काल दुकानात ओआरएस आणायला गेलो तर मेघा काउंटरला. पुड्या दिल्या, तारीख स्वतः दाखवली. निधी कशी आहे विचारलं. आजीकडे असते, म्हणाली, कंटाळते. मी बाजूला झालो. गिऱ्हाईक होतं मागे.

चार वाजता शेठचा फोन. पत्र पोचलं. राग नाही आवाजात. कूलर बंद केलाय म्हणाले, कुलपाचं बघतो. मग म्हणाले, तुमच्या फाईलचं कळलं. एका पानावरून अडली आहे ना. ते पान बदलून फाईल नव्यानं दाखल करायची व्यवस्था माझ्याकडे, आठ दिवसांत नोंदणी हातात. तुम्ही फक्त माझ्या वह्या लिहून द्या.

फोन स्पीकरवर होता, संध्या पोळ्या लाटत ऐकत होती. मी तिच्याकडे पाहिलं. जूनपर्यंत चार आठवडे आहेत, हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत. लाटणं थांबवून म्हणाली, "माझ्याकडे काय बघता? त्या पानावर खाली माझीपण सही आहे."

आणि पुन्हा लाटायला लागली.

नोंद राहावी म्हणून लिहितो. शेठचा प्रस्ताव: सात शाखांच्या अपघात, औषध, आहार आणि पाणी या नोंदवह्या, मागच्या एप्रिलपासून पूर्ण वर्षाच्या, मागच्या तारखांनी, माझ्या अक्षरात लिहायच्या; आणि आमच्या वहीतलं १४ एप्रिलचं पान त्यांच्याकडे सोपवायचं. नाही म्हणालो. नाकारलेली रक्कम: शाखेमागे चाळीस हजार, सात शाखा, एकूण दोन लाख ऐंशी हजार रुपये.